मुलांना सत्कार दिसतो, सैनिक दिसत नाही

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

२६ जुलैला कारगिल विजय दिनानिमित्त ग्वाल्हेरमध्ये ठिकठिकाणी माजी सैनिकांचे सत्कार झाले आणि त्यांची छायाचित्रे आपल्या अंकातही आली. त्यांपैकी एका समारंभाला मी स्वतः उपस्थित होते. तो कोणी भरवला होता हे लिहिण्याचे कारण नाही, कारण आयोजकांच्या मनात सैनिकांविषयी आदर नव्हता असे मला मुळीच म्हणायचे नाही आणि तिथे जे घडले ते थोड्याफार फरकाने सगळीकडेच घडत असते. वेळ सकाळी नऊची दिलेली होती. पाच शाळांतली मुले साडेआठपासूनच मांडवात आणून बसवली होती. सत्कारासाठी बोलावलेले सात माजी सैनिक आपल्या सवयीप्रमाणे नऊला पाच मिनिटे कमी असतानाच आले आणि प्रमुख पाहुणे येईपर्यंत, म्हणजे पावणेबारापर्यंत, मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिले. त्यांच्यातल्या एका हवालदारांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. व्यासपीठाला तीन उंच पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. नाव पुकारल्यावर ते मांडवाच्या खांबाचा आधार घेत एकेक पायरी चढू लागले. ते वर पोचेपर्यंत निवेदकांनी पुढचे नाव घेतलेही होते. शाल, श्रीफळ, छायाचित्र, आणि पुन्हा त्याच पायऱ्या खाली. सातांपैकी एकालाही दोन शब्द बोलायला सांगण्यात आले नाही. माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या तिसरीतल्या एका मुलीने आपल्या शिक्षिकेला विचारले, "बाई, त्या काकांच्या पायाला काय झालंय?" बाईंनी ओठांवर बोट ठेवले, कारण भाषण सुरू झाले होते.

त्या मुलीच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही, हे मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी चौतीस वर्षे लष्करातल्या एका शाळेत गणित शिकवले. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते की इथे लष्कर हे आमच्या वस्तीचे नाव आहे.) त्यातली जवळजवळ वीस वर्षे मुलींच्या एनसीसीचे काम माझ्याकडे होते आणि त्याचे प्रशिक्षणही मी आपल्याच शहरातल्या एनसीसीच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत घेतले. या काळात माझ्या वर्गांतून गेलेली तीसेक मुले-मुली सैन्यात, वायुदलात, नौदलात भरती झाली. जाण्यापूर्वी पाया पडायला आलेल्या प्रत्येकाला मी एकच विचारत असे की, सैन्यात जावे असे तुला पहिल्यांदा केव्हा वाटले. उत्तरे मी एका वहीत लिहून ठेवली आहेत. त्या उत्तरांत भाषणाचा किंवा समारंभाचा उल्लेख एकदाही नाही. बहुतेक उत्तरांत एखादा माणूस आहे, तोही अगदी जवळून पाहिलेला, आणि त्याने केलेली एखादी इतकी साधी गोष्ट आहे की ती त्याच्या स्वतःच्या लक्षातही राहिली नसेल. एका मुलाला शेजारचे सुट्टीवर आलेले नाईक आठवत होते, जे रोज पहाटे उठून आपल्या वृद्ध आईच्या अंघोळीचे पाणी तापवत आणि मग गल्लीच्या तोंडाशी तुंबलेले गटार कोणाला काही न बोलता मोकळे करत. एकाला मामाची काळ्या पत्र्याची ट्रंक आठवत होती; तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि पलटण लिहिलेली होती आणि आत सगळे कपडे एकाच रुंदीच्या घड्या घालून ठेवलेले असत. डबऱ्याकडची एक मुलगी २०२१ च्या ऑगस्टमध्ये नववीत होती. त्या वर्षी सिंध नदीला आलेल्या पुराने शिवपुरी, दतिया, भिंड आणि आपल्या जिल्ह्यातली गावे वेढली होती आणि लोकांना बाहेर काढायला लष्कराच्या तुकड्या आणि वायुदलाची हेलिकॉप्टर आली होती. तिला छपरावरून नावेत उतरवून घेणाऱ्या जवानाने आधी तिच्या आजीच्या तुळशीची कुंडी नावेत ठेवली, कारण आजी तिच्याशिवाय हलायला तयार नव्हती, आणि या गोष्टीवर तो हसला नाही की रागावला नाही. ती मुलगी आज लष्करी पोलीस दलात अग्निवीर आहे.

चित्रपट पाहून सैन्यात जावेसे वाटले असे सांगणारीही दोन मुले होती. मात्र त्या दोघांच्याही बाबतीत खोदून विचारले तेव्हा चित्रपटाच्या मागे आणखी कोणीतरी निघाले, एकाचे आजोबा आणि दुसऱ्याच्या शाळेचे पीटीचे सर, जे पूर्वी वायुदलात होते.

माझ्या स्वतःच्या घरातलेही असेच आहे. डिसेंबर १९७१ मध्ये मी आठ वर्षांची होते आणि दादा बारा वर्षांचा. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या ज्या विमानतळांवर हल्ले केले त्यांत आग्राही होते, आणि आग्रा आपल्यापासून ते किती दूर. वडील बिर्लानगरच्या गिरणीत हिशेबनीस होते. त्यांनी आमच्या वह्यांना घालायचे तपकिरी कागद खिडक्यांच्या काचांना चिकटवले आणि आम्ही कंदिलाची वात बारीक करून जेवू लागलो. त्या दिवसांत आपल्या स्टेशनातून सैनिकांच्या गाड्या जात आणि आमच्या गल्लीतल्या बायका पाळीपाळीने पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि कागदात बांधलेला गजक घेऊन फलाटावर उभ्या राहत. आई जायची, तेव्हा तिच्याबरोबर आम्ही दोघे असायचो. एका रात्री, दिवे बहुतेक मालवलेल्या फलाटावर, एका खिडकीतून हात बाहेर आला. हातात खाकी आवरणाची पाण्याची बाटली होती. "बेटा, पानी भर ला," इतकेच तो सैनिक म्हणाला. दादा नळाकडे धावला. नळाला धार बारीक होती. बाटली भरून त्याने बूच लावले तोवर गाडी हलली होती. तो गाडीबरोबर धावला, पार फलाट संपेपर्यंत धावला, पण अंधारात त्याला ती खिडकी ओळखता येईना, कारण प्रत्येक खिडकीतून हात हलत होते. भरलेली बाटली छातीशी धरून तो परत आला. आई समजुतीने म्हणाली की त्यांना सरकार दुसरी देईल. दादा म्हणाला, "पण आज रात्री ते काय पितील?"

पुढे १९७७ साली दादा सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागात, भरती झाला, जबलपूरच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण झाले, एका कोर्ससाठी महूला राहिला आणि शेवटी सुभेदार म्हणून निवृत्त झाला. का गेलास असे कोणी विचारले तर तो दोन कारणे सांगत असे, आणि मला त्याच्या प्रामाणिकपणाचा आजही अभिमान वाटतो. एक ती बाटली. दुसरे म्हणजे वडिलांच्या पगारात आम्हा दोघी बहिणींची शिक्षणे आणि लग्ने होणे शक्य नव्हते. आपल्याकडे काही लोकांना हे दुसरे कारण ऐकायला आवडत नाही. त्यांना सैनिक हा केवळ देशभक्तीने पेटून निघालेला हवा असतो. भिंड आणि मुरैना जिल्ह्यांतल्या ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले सैन्यात जातात त्या गावांत जाऊन विचारावे, घरची जमीन किती आहे आणि भाऊ किती आहेत. जो पगारासाठी गेला त्याचीही बोटे बर्फात तेवढीच बधिर होतात. घर चालवण्यासाठी गेलेल्या माणसाने दिलेली वर्षे कमी मोलाची मानायची असतील, तर आपल्या घरातल्या कोणत्या कष्टांना आपण मोल देणार आहोत, हे तरी सांगावे.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसांनी या विषयाकडे त्रयस्थपणे पाहणे तर अशक्यच आहे, कारण आपण इथे आलो तेच मुळी फौजेबरोबर. किल्ल्याच्या दक्षिणेला दौलतराव शिंद्यांचा तळ पडला, तो उठलाच नाही, आणि त्याचे शहर झाले तेव्हा नावही लष्कर हेच राहिले. कवायती फौजेच्या तुकड्यांना कंपू म्हणत, जड तोफखान्याला जिन्सी म्हणत. आज कंपूत आणि जिन्सी नाल्यावर भाजी घेणाऱ्या आपल्या मुलांना हे शब्द कोठून आले हे ठाऊक नसते. मांढऱ्यांच्या मातेला नवरात्रात आपण सगळे जातो, पण ज्या आनंदराव मांढऱ्यांच्या नावाने ते देऊळ ओळखले जाते ते जयाजीराव महाराजांच्या फौजेतले अधिकारी होते, हे दर्शनाच्या रांगेत किती जण मुलांना सांगतात? स्वातंत्र्यानंतर संस्थानी फौजा भारतीय सैन्यात विलीन झाल्या तेव्हा ग्वाल्हेरच्या पायदळाची एक पलटण कुमाऊं रेजिमेंटमध्ये गेली आणि तिच्या नावापुढे ग्वाल्हेर हा शब्द राहू दिला गेला. कारगिलच्या डोंगरांवर १९९९ मध्ये ज्या मिराज विमानांनी अचूक मारा केला त्यांच्या स्क्वाड्रन आपल्याच महाराजपूरच्या तळावरच्या. १९८५ मध्ये ही विमाने फ्रान्सहून आली तीही इथेच उतरली. भिंड रस्त्याच्या बाजूला राहणारी माझी कितीतरी मुले गच्चीवर उभी राहून विमाने मोजत मोठी झाली.

आणि सन्मान कसा करावा याचे उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावरून जखमी अवस्थेत निघालेल्या महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या एका भिश्त्याने आपल्या बैलावर घालून सुखरूप आणले, ही हकिगत आपल्या घराघरांत सांगितली जाते. महादजींचा पाय कायमचा अधू झाला, पण राणेखानाला ते विसरले नाहीत. त्यांनी त्याला भाई म्हटले, सरदारकी दिली आणि आयुष्यभर आपल्या जवळ ठेवले. एका पाणक्याला भाऊ म्हणणे हे त्या काळच्या सगळ्या सरदारांच्या डोळ्यांदेखत घडले होते. शाल एकदा पांघरली की कपाटात जाते. राणेखानभाई हे नाव मात्र कागदोपत्री टिकून राहिले आहे.

आपण आपल्या मुलांच्या डोळ्यांदेखत काय करतो? सैनिक फार लवकर निवृत्त होतो. ज्या वयात आपल्या नोकरीतली बढती सुरू होते त्या वयात शिपाई किंवा नाईक पेन्शन घेऊन घरी येतो आणि मुलांची शिक्षणे बाकी असल्यामुळे बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा एखाद्या दुकानाच्या दाराशी सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगते. एका बँकेत दुपारच्या वेळी एक गृहस्थ आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. दाराशी उभ्या असलेल्या रक्षकाने रांगेतून यायला सांगितले, तेव्हा ते गृहस्थ अरे-तुरे करत त्याच्या अंगावर ओरडले आणि त्याची लायकी काढली. तो रक्षक काश्मीरमध्ये आणि ईशान्येत मिळून सतरा वर्षे काढून आलेला लान्स नाईक आहे, हे मला माहीत होते, कारण त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. तो काही बोलला नाही. ताठ उभा राहिला आणि "सर, लाइन में आइए" एवढेच पुन्हा म्हणाला. मुलगा आळीपाळीने दोघांकडे पाहत होता. त्याच मुलाला १५ ऑगस्टला शाळेत सैनिकाचा वेश घालून, कागदाची बंदूक हातात देऊन रंगमंचावर उभे केले असेल. त्या दिवशी बँकेत त्याने जे पाहिले ते त्या वेशाने पुसले जाईल असे मला वाटत नाही.

हा प्रश्न आता आणखी जवळ आला आहे. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यात भरती झालेल्या मुलांची सेवा चार वर्षांची आहे आणि त्यानंतर चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत मुलेच कायम होणार आहेत. ही योजना योग्य की अयोग्य या वादात मी पडत नाही, तो या पत्राचा विषय नाही. पण पहिल्या तुकड्यांतली मुले परत येतील तेव्हा ती बावीस-पंचवीस वर्षांची असतील आणि हातात सेवानिधीचे अकरा-बारा लाख रुपये असले तरी पुढे सगळे आयुष्य पडलेले असेल. याच मुलांना मी मेळा मैदानावर पहाटे साडेचारला, थंडीत तोंडातून वाफा निघत असताना, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवण्यासाठी धावताना पाहिले आहे. नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा म्हणून मैदानात फावड्याने स्वतःच खड्डा खणताना पाहिले आहे. ती परत आल्यावर "काय, काढून टाकले का?" असे त्यांना विचारणारे लोक निघतील, याची मला खरोखर भीती वाटते. घरोघरी त्यांची धाकटी भावंडे असतील, गल्लीत त्यांच्यामागे धावणारी लहान मुले असतील. आपापल्या दादाचे स्वागत कसे झाले हे ती पाहतील आणि त्यावरून स्वतःचे ठरवतील. चार वर्षे सीमेवर काढून आलेल्या मुलाला दुकानात, कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर, भाड्याची खोली शोधताना कशी वागणूक मिळते, यातून या शहराचे सैनिकांविषयीचे खरे मत त्या लहान मुलांना कळेल.

मी शिक्षिका असल्यामुळे मला शाळांकडून अपेक्षा अधिक आहेत. निवृत्त झाल्यावर दादाला मी माझ्या सातवीच्या वर्गावर एकदा बोलावले होते. तो पदके न लावता, अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरमध्ये आला आणि भाषण न करता बाकावर बोटाच्या पेराने टकटक करू लागला. ती तारेची कट्ट-कडकट्ट, म्हणजे मोर्सची सांकेतिक लिपी, होती. प्रत्येक मुलाला त्याने स्वतःचे नाव वाजवायला शिकवले आणि अर्ध्या तासात पंचेचाळीस मुले एकमेकांना बाकांवर हाका मारू लागली. मग त्याने सांगितले की बर्फात तार तुटली की दोघांनी रीळ घेऊन निघायचे, तार हातातून सोडायची नाही, ती जिथे तुटली असेल तिथपर्यंत हाताने चाचपत जायचे. हातमोजे घालून गाठ मारता येत नाही म्हणून ते काढायचे, आणि बोटे चालेनाशी व्हायच्या आत काम संपवायचे. जोडणी झाली की पलीकडच्याला पहिला प्रश्न विचारायचा, जेवलास का? एका मुलाने विचारले, "तुम्ही किती शत्रू मारलेत?" दादा म्हणाला, "एकही नाही. माझं काम तार जोडण्याचं होतं." मुलगा खट्टू झाला, पण सुट्टीत तोच दादाच्या मागे लागून पुन्हा आपले नाव वाजवून घेत होता. दहा-अकरा वर्षांनी तो भरतीची बातमी सांगायला माझ्या घरी आला आणि तोंडाने काही बोलण्याआधी त्याने चहाच्या टेबलावर माझे नाव वाजवून दाखवले.

सैनिकाचे आयुष्य बहुतांशी असेच असते. वाट पाहण्याचे, ओझी वाहण्याचे, दुरुस्त्यांचे, जागरणाचे. आपल्या सर्वोच्च वीरपदकाच्या इतिहासातही हे दिसते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे यांना १९४८ चे परमवीर चक्र मिळाले ते नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल. स्वतः जखमी असताना त्यांनी दिवस-दिवस हे काम केले. ज्या पदकाने त्यांचा गौरव झाला त्याचे संकल्पचित्र सावित्रीबाई खानोलकरांचे. जन्माने युरोपीय असलेल्या या बाई लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून मराठी घरात आल्या आणि इथल्या पुराणांत इतक्या रमल्या की त्यांनी त्या पदकावर इंद्राचे वज्र कोरले. आपल्या मुलांना राणे यांनी रस्ता मोकळा केला हे सांगितले, तर शौर्य म्हणजे काय याची त्यांची कल्पना दूरदर्शन वाहिन्यांवरच्या आरडाओरड्यापेक्षा कितीतरी खरी होईल. युद्धाविषयी सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारे बहुधा तिथे गेलेले नसतात, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. मुलांना सैनिक जवळून भेटावेत असे मी म्हणते, ते सगळ्यांनी भरती व्हावे म्हणून म्हणत नाही. माझ्या वर्गात एका सुभेदारांचा मुलगा होता. वडील घरी नसताना त्याची दहावी झाली, मुंज झाली, आजी गेली. तो मला म्हणाला होता की तो कधीही सैन्यात जाणार नाही, कारण आपल्या मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला त्याला घरी असायचे आहे. तो आज शिक्षक आहे. सेवेची किंमत काय असते हे त्याच्याइतके स्पष्ट मला दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. आणखी एका घरात थोरला मुलगा तिरंग्यात गुंडाळून आला आणि दोन वर्षांनी धाकट्याने भरतीचा अर्ज भरला. त्यांच्या आईने तो फाडला, पुन्हा भरला गेला तो पुन्हा फाडला, आणि तिसऱ्यांदा स्वतः सही केली. त्या माउलीचा सत्कार कोणत्याही मांडवात होऊ नये असे मला वाटते. तिच्या दाराशी पाण्याचे बिल, पेन्शनचा कागद, जे काही अडले असेल ते विचारायला कोणीतरी जावे. आपल्या शेजाऱ्यांना ती रोज दिसते.

७ डिसेंबर आता चार महिन्यांवर आला आहे. १९४९ पासून हा दिवस सशस्त्र सेना ध्वज दिन म्हणून पाळला जातो आणि युद्धात अपंग झालेले सैनिक, वीरपत्नी आणि माजी सैनिक यांच्यासाठी त्या दिवशी निधी जमवला जातो. दरवर्षी शाळांत डबे येतात, मुले दहा-वीस रुपये टाकतात, छातीवर कागदी झेंडा टाचणीने लावून घेतात आणि संध्याकाळी तो चुरगळून टाकतात. त्या झेंड्यावरचे लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तीन रंग तीन सेनादलांचे आहेत, हे आमच्याच शाळेतल्या दोन शिक्षकांना माहीत नव्हते, ही गोष्ट मी लपवत नाही. डबा फिरवण्याआधी एखाद्या माजी सैनिकाने प्रत्येक वर्गात पंधरा मिनिटे बसावे, खुर्चीवर, मुलांच्या इतक्या जवळ की त्यांना प्रश्न विचारता येतील. शाळेच्या जिन्यात गुणवत्ता यादीच्या फळ्याशेजारी सैन्यात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांचा फळा असावा, शिपायापासून वरच्या हुद्द्यापर्यंत सगळ्यांचा, आणि तो लागायला कोणी हुतात्मा होण्याची वाट पाहू नये. मोठ्या वर्गांच्या सहली आग्र्याला आणि मथुरेला जातातच. त्या थोड्या पुढे दिल्लीला गेल्या तर २०१९ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पंचवीस हजारांहून अधिक नावे दगडांत कोरलेली आहेत. मुलांना त्यांतली आपल्याकडची आडनावे शोधू द्यावीत. माझ्या मुली एकदा सगळी दुपार तेच करत उन्हात उभ्या राहिल्या होत्या आणि मला त्यांना ओढून बसमध्ये न्यावे लागले.

संपादक महोदय, आपल्या वर्तमानपत्राकडे माझी एक विनंती आहे. ध्वज दिनापर्यंत दर आठवड्याला एका माजी सैनिकाचे बालपण आपण छापावे. सैन्यात जावेसे केव्हा आणि कोणाला पाहून वाटले, एवढेच, त्यांच्याच शब्दांत. माझी वही मी नावे गाळून आपल्याकडे द्यायला तयार आहे. दादा चार वर्षांपूर्वी गेला. ती खाकी बाटली माझ्याकडे आहे, आणि ज्या शाळेला मुलांना दाखवायची असेल त्यांना मी ती आनंदाने देईन.

त्या समारंभाविषयी एक सांगायचे राहिले. भाषणे संपल्यावर मी त्या तिसरीतल्या मुलीला तिच्या बाईंच्या परवानगीने हवालदारांकडे घेऊन गेले. त्यांनी शाल मांडीवरून बाजूला ठेवली, विजारीचा पाय वर केला आणि तिला पट्टे, बकल आणि घोट्याचा सांधा दाखवला. १९९९ मध्ये द्रासकडे सुरुंगावर पाय पडला, असे त्यांनी तिला सांगितले. तिने बोटाने हळूच पट्ट्याला हात लावला आणि विचारले, "दुखतो का?" ते म्हणाले, "पावसाळ्यात दुखतो. जो पाय नाही तो दुखतो, बघ." तिला आणखी विचारायचे होते, पण बस सुटत होती. ७ डिसेंबरला त्यांनी तिच्या शाळेत येण्याचे कबूल केले आहे. तिसरीचा वर्ग तळमजल्यावर आहे आणि दाराशी पायरी नाही, हे मी स्वतः जाऊन पाहून आले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर